खोली ८ रिकामी

हे माझ्याच घरात घडलं आहे. ऐकीव नाही, कुणाच्या मैत्रिणीच्या मैत्रिणीचं नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. माझ्या नवऱ्यानेही आधी सोडूनच दिलं होतं.

आणि रात्र वगैरे नव्हती. दोन वर्षांपूर्वीचा एक बुधवार. दुपारचे पावणेचार. तिसऱ्या मजल्यावरचा आमचा फ्लॅट, बाहेर लख्ख ऊन, खाली कुणीतरी पाईप लावून गाडी धूत होतं. भुतांनी रात्रीच यायचं असा नियम असेल, तर तो त्यांना कुणी कळवलेला दिसत नाही.

मी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. टॅबलेटवर, पेनने. पूर्वी आम्ही दोघी काढायचो, मी आणि माझी ताई.

आमची कामाची वाटणी ठरलेली होती. मी खोल्या काढायचे. भिंती, पडदे, खिडकीतून येणारा उजेड, टेबलावरचा कप. माणसं मात्र मला जमत नाहीत. मी माणूस काढला की तो बटाटा दिसतो. ताईला माणसांशिवाय दुसरं काही काढावंसंच वाटायचं नाही.

म्हणजे मी जागा करायचे आणि ती माणसं आणायची.

ती राहायची शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून नेटवर दोघींचं एक फोल्डर होतं. मी त्यात फाइल टाकायचे, नाव द्यायचे 'खोली १ रिकामी'. दोन-तीन दिवसांनी तीच फाइल परत यायची. नाव असायचं 'खोली १ भरली'.

सहा वर्षं असं चाललं.

मग ताई साधा ताप म्हणून दवाखान्यात गेली आणि पाचव्या दिवशी गेलीच. तिची मुलगी तेव्हा सहा वर्षांची. आम्ही तिला ठकू म्हणतो. ठकूचे बाबा ती तान्ही असतानाच दुसऱ्या संसारात रमले होते, त्यामुळे प्रश्नच नव्हता. ठकू आमच्याकडे आली. एक दप्तर, दोन बॅगा आणि ताईचा टॅबलेट घेऊन.

तो टॅबलेट मी नीट पुसला. ताईला पेनचं मागचं टोक चावायची सवय होती, दातांच्या खुणा तशाच होत्या. पुढची निब झिजून गेली होती. का कोण जाणे, मी नवीन निब आणून बसवली. मग सगळं हॉलमधल्या माझ्या कामाच्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिलं.

आठ महिने ते तिथेच होतं. चार्जिंगशिवाय.

आमचं एक पुस्तक अर्धवट राहिलं होतं. गोष्टही ताईचीच. एक मुलगी आईशी लपंडाव खेळते. आईवर राज्य असतं. मुलगी एकेका खोलीत लपते आणि आई शोधत शोधत जवळ येते. आठ खोल्या. शेवटच्या पानावर ताईने लिहिलं होतं, 'आईने तिला उचलून घेतलं. मग कुणालाच कुणाला शोधावं लागलं नाही.'

तीन खोल्या तिच्या हयातीत झाल्या होत्या. पाच बाकी होत्या. संपादकबाई चांगल्या होत्या, पण किती थांबणार? म्हणाल्या, "खोल्या तू काढ, माणसांचं बघू कुणीतरी."

मी कामाला बसले. ताईचं पुस्तक, म्हणून मनाशी ठरवलं, खोल्या आपल्याच घरातल्या काढू. ठकूचं घर आता हेच ना!

ही माझी पहिली चूक.

त्या बुधवारी खोली ४ पूर्ण झाली. आमच्या दारातला बोळ, चपलांचं कपाट, भिंतीवरचा आरसा. मी फाइल सेव्ह केली, नाव दिलं 'खोली ४ रिकामी' आणि... फोल्डरमध्ये टाकली.

सवयीने. हाताने आपोआप केलं ते. फाइल गेल्यावर माझ्या लक्षात आलं की पलीकडे आता कुणीच नाही. मी तिथेच बसून रडले. मग उठून चहाचं भांडं घासायला गेले.

नळ बंद केला तेव्हा आवाज आला.

टिक... टिक... टिकटिक...

टॅबलेट वापरणाऱ्याला हा आवाज झोपेतही कळेल. पेनचं टोक काचेवर टेकतं तेव्हाचा.

हॉलमध्ये आले. माझा टॅबलेट टेबलावर, काळा. माझं पेन त्याच्या स्टँडमध्ये उभं. आवाज थांबला होता.

मग स्क्रीन आपोआप उजळली. वर एक ओळ आली...

'खोली ४ भरली.'

मी फाइल उघडली. चपलांच्या कपाटामागे एक मुलगी दडली होती, तिच्या वेणीचं टोक तेवढं बाहेर. बोळाच्या दुसऱ्या टोकाला आई भिंतीकडे तोंड करून आकडे मोजत होती.

नवरा संध्याकाळी आला. त्याने चित्र पाहिलं आणि खांदे उडवले.

"तूच काढलं असशील. तंद्रीत."

"मी? माझी माणसं बघितलीयस ना तू?"

"अगं, बटाट्यांना कधीतरी हातपाय फुटणारच!"

तो हसला. मीही हसले, कारण दुसरं काय करणार?

पण तो झोपल्यावर मी एक गोष्ट तपासली. आमच्या ॲपमध्ये प्रत्येक रेघेची नोंद राहते. बटण दाबलं की कोऱ्या पानापासून चित्र तुमच्यासमोर पुन्हा उमटत जातं. आधी माझा बोळ आला, आरसा आला. मग माणसं यायला लागली. सावलीच्या रेघा भराभर पडत होत्या... आणि उलट्या बाजूला झुकलेल्या होत्या.

मी उजव्या हाताने काढते.

ताई डावखुरी होती.

आता जे सांगते त्याची मला लाज वाटते. घाबरून मी फोल्डर बंद करायला हवं होतं. मी केलं नाही. मला ताईची इतकी आठवण येत होती की भीती बाजूला राहिली. पुढच्या आठवड्यात मी खोली ५ पाठवली. या वेळी सवयीने नाही, मुद्दाम.

ती भरून आली.

आमची बाथरूम. मुलगी वॉशिंग मशीनच्या मागे. आई दारात, आता भिंतीकडे पाठ करून वळलेली. तिला डोळे नव्हते. त्याचं मला काही वाटलं नाही, कारण ताई डोळे नेहमी सगळ्यात शेवटी काढायची. डोळे काढले की माणूस बघायला लागतो, मग त्याच्यात फेरफार करता येत नाही, असं म्हणायची.

संपादकबाईंचा फोन आला. "अगं, कोण मिळालं तुला? हुबेहूब ताईचा हात!"

मी म्हटलं, "ओळखीतलीच आहे."

खोली ६ आणि ७ मी एकदमच पाठवल्या. पुस्तक लवकर व्हावं म्हणून. सहावी आमचं स्वयंपाकघर आणि सातवी ठकूची झोपायची खोली.

ही दुसरी चूक.

शुक्रवार होता. दुपारी खोली ६ भरून आली. मुलगी स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली बसली होती, तोंडावर हात दाबून. शाळेच्या गणवेशात. गणवेशाचा खिसा एका बाजूने उसवलेला...

ठकूचा खिसा त्याच दिवशी सकाळी उसवला होता. दाराच्या कडीत अडकून. शिवायला वेळ नव्हता म्हणून तशीच शाळेत गेली होती.

मी घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. ठकू घरी यायला हवी होती. तिची चप्पल दारात होती, पण घरात आवाज नव्हता. एरवी ही आली की घर डोक्यावर घेते.

"ठकू?"

काहीच नाही.

स्वयंपाकघरात गेले. वाकून टेबलाखाली पाहिलं.

ती तिथेच होती. तोंडावर हात दाबून.

"काय करतेस गं इथे?"

"श्श... मावशी, हळू बोल ना! आईवर राज्य आहे."

मी तिथेच फरशीवर बसले.

"किती दिवस खेळताय तुम्ही?"

"बोळापासून." ती कुजबुजत होती. "तिचं मोजून झालं. आता शोधतेय. पण तिला नीट दिसत नाही अजून."

"आणि सापडलीस तर?"

ठकूने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला साधे नियमही माहीत नाहीत.

"सापडलं की खेळ संपतो. मग घरी जायचं."

"घर हेच आहे ना, बाळा?"

तिने पुन्हा तोंडावर हात दाबला.

तेवढ्यात हॉलमधून आवाज आला. टिकटिक... टिकटिक... टिकटिकटिक... इतक्या घाईने ताईने कधी काढलं नव्हतं. मी ठकूचा हात घट्ट धरला. तिला ओढतच हॉलमध्ये नेलं.

'खोली ७ भरली.'

ठकूचा पलंग. ठकूचं कपाट. कपाटाचं दार अर्धं उघडं, आत मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. आणि आई कपाटासमोर. हात दारावर.

तिला डोळे होते.

ते डोळे ताईचेच होते. दवाखान्यात शेवटच्या दिवशी ठकूला आत सोडलं नव्हतं, तेव्हा ताई दाराकडे जशी बघत होती, तशीच बघत होती. माझी सख्खी ताई. जिने मला पेन धरायला शिकवलं. आणि मी तिला घाबरले. आजही हे लिहिताना मला रडू येतं आहे.

ठकूला घेऊन मी झोपायच्या खोलीत गेले. का गेले, सांगता येत नाही. खात्री करायची होती.

कपाट उघडं होतं. टांगलेले कपडे दोन्ही बाजूंना सारलेले होते.

मधे एका मुलीपुरती जागा केलेली होती.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसायला लागला, तेव्हा मी खालच्या कप्प्यातून ताईचं पेन काढून त्याच्या हातात ठेवलं. टॅबलेट मेलेलाच होता, चार्जिंग शून्य. पण पेनची निब... जी मी नवी कोरी बसवली होती... ती झिजून सपाट झाली होती. एका बाजूने. डाव्या हाताने धरलं की झिजते तशी.

त्यानंतर तो कधी हसला नाही.

खोली ८ मी काढलीच नाही. फोल्डर उडवलं. संपादकबाईंना सांगितलं, पुस्तक होणार नाही. त्या चिडल्या, बरंच बोलल्या, ते प्रकाशन माझ्या हातून कायमचं सुटलं. सुटू दे. ताईचा टॅबलेट जुन्या चादरीत गुंडाळून बॅगेत घातला आणि बॅग माळ्यावर टाकली. फेकून द्यायचा धीर झाला नाही. सहा महिन्यांनी आम्ही घरही बदललं, बॅग नव्या घराच्या माळ्यावर गेली.

दीड वर्ष काही झालं नाही. ठकू लपंडाव विसरली. निदान मला तसं वाटत होतं.

ठकू आता आठ वर्षांची आहे. चित्रं सुंदर काढते. माझ्या शेजारी बसून शिकली, त्यामुळे तिला खोल्याच आवडतात. मला अभिमानच वाटायचा.

परवाच्या रविवारी दुपारी तिने माझा टॅबलेट मागितला. तासभर मान खाली घालून बसली होती. मग म्हणाली, "मावशी, बघ."

नव्या घरातला आमचा हॉल. हुबेहूब. पडद्याची चुणी, दाराच्या कोपऱ्यातली छत्री, कान तुटलेला माझा कपसुद्धा. फक्त टेबलाभोवती आमच्या तीन खुर्च्या असतात, तिने एकच काढली होती.

"वा! पण माणसं कुठायत?"



"माणसं मी नाही काढत," ठकू म्हणाली.

मी वर फाइलचं नाव पाहिलं. असं नाव द्यायचं मी तिला कधीच शिकवलं नव्हतं...

'खोली ८ रिकामी.'

शेजारी खूण होती, 'पाठवली'.

"कुठे पाठवलीस? ठकू! फोल्डर तर मी उडवलं होतं. कुठे पाठवलीस?"

"आईला."

"का गं? तू तर लपली होतीस ना?"

तिने टॅबलेट बंद केला. पेन स्टँडमध्ये नीट ठेवलं. इतक्या शांतपणे बोलली की मला तिला मारावंसंही वाटलं आणि कुशीत घ्यावंसंही.

"किती दिवस लपू, मावशी? मला आता सापडायचंय."

याला अकरा दिवस झाले. नेट काढून टाकलं आहे. टॅबलेट नवऱ्याच्या ऑफिसात कुलपात आहे. फाइल अजून परत आलेली नाही. पण काल दुपारी भांडी घासताना माळ्यावरून आवाज आला. एकदाच. टिक...

ठकूला मी स्वतः शाळेतून घेऊन येते. घरी आली की ती हात-पाय धुते, केस विंचरून घेते आणि हॉलमधल्या त्या एका खुर्चीत बसते. दाराकडे तोंड करून. कुठेही लपत नाही.

मी दुसरी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसते. तिचा हात हातात धरून ठेवते, नवरा येईपर्यंत. ती हात सोडवून घेत नाही. माझ्याकडे बघून गोड हसतेसुद्धा.

पण चित्रात खुर्ची एकच आहे.