तिसऱ्या सिलिंडरचा ठोका

हे इल्मारीसमोर बोलायची सोय नाही. म्हणून इथे लिहिते.

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही. गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी, फिनलंडमधल्या कुह्मोजवळच्या आमच्या गावात हे घडलं. वेळ दुपारचीच. पण आमच्याकडे त्या दिवसांत दुपारची कॉफी होईपर्यंत काळोख पडलेला असतो.

इल्मारी माझा नवरा. मी, रायली, त्याची दुसरी बायको. पहिली इर्या, आजारपणात गेली. मी त्या घरात आले तेव्हा तिचे पडदे होते, तिचे कप होते, आणि अंगणात तिची निळी गाडी होती.

पडदे मी बदलले. कप वाटून टाकले. गाडी मात्र इल्मारी विकू देईना.

"चांगली चालते की. तूच वापर कामाला जायला."

स्पष्टच सांगते, मी जळायचे. सवत मातीचीही खपत नाही म्हणतात. माझी तर मातीखाली होती, तरी खपत नव्हती.

थंडी सुरू झाली आणि गाडी बिघडली.

मी किल्ली फिरवली की इंजिन थरथरायचं. ठक… ठक… आणि मग एक ठोका गायब. स्टिअरिंग हातात कापायचं. समोर इंजिनचा पिवळा दिवा उघडझाप करायचा.

इल्मारी बसला की तीच गाडी लोण्यासारखी.

"इंजिन गरम ठेवायची वायर रात्री लावतेस ना अंगणातल्या विजेच्या खांबाला?" त्याने विचारलं.

"रोज लावते."

"इर्या कधी विसरायची नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वायर मी रोज लावत होते. पण सकाळी…

सकाळी ती काढून, गुंडाळून, खांबाला टांगलेली असायची. अगदी नीट. मला तसं गुंडाळता येत नाही.

गावात गॅरेज एकच, ताइस्तोचं. आणि ताइस्तो म्हणजे इर्याचा सख्खा भाऊ. मी कितीतरी दिवस टाळलं. शेवटी त्या दिवशी सकाळी गेलेच. सुट्टी असूनही त्याने शटर उघडलं. आधी कॉफी ओतली, कारण कॉफीशिवाय तो बॉनेटला हात लावत नाही.

"काय गं, का छळतेस माझ्या बहिणीच्या गाडीला?"

"तीच मला छळते."

तो हसला. स्कॅनर लावला. तिसरा सिलिंडर मिसिंग मारत होता, म्हणजे मधेच पेटत नव्हता.

"सोपं आहे," तो म्हणाला. "तिसऱ्याची ठिणगी पाडणारी कॉइल पहिल्यावर टाकायची, पहिल्याची तिसऱ्यावर. मिसिंग कॉइलबरोबर पहिल्यावर गेलं, तर कॉइल खराब. दोष सरकला की चोर सापडला."

कॉइलची अदलाबदल केली.

दोष सरकला नाही.

प्लग नवे टाकले. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर बदलला. कॉम्प्रेशन मोजलं, तेही चोख. तिसरा सिलिंडर आपला तसाच, ठोका चुकवत.

मग ताइस्तो स्वतः स्टिअरिंगवर बसला. इंजिन एकदम सुरळीत. दिवा विझला.

"आता तू बस."

मी बसले…

ठक… ठक…

"उतर."

सुरळीत.

"बस."

दिवा पुन्हा उघडझाप करू लागला.

ताइस्तोचं हसू मावळलं. तो फडक्याला हात पुसत राहिला. हात कधीच स्वच्छ झाले होते.

"लहानपणी मी एकदा तिची घसरगाडी घेतली होती," तो म्हणाला. "परत दिली तरी कित्येक दिवस बोलली नाही माझ्याशी. तिचं ते तिचंच. रायली, तू तिच्या थडग्यावर कधी मेणबत्ती लावलीस?"

"मी गाडीतच थांबते."

"मग आज लाव की. तुझं काय जातं?"

माझं काय जात होतं ते त्याला काय सांगणार.

दुपारी दफनभूमीत सगळं गाव होतं. त्या दिवशी आमच्याकडे कुणाचंच थडगं अंधारात ठेवत नाहीत. बर्फात जिकडेतिकडे ज्योती. इल्मारीने इर्याला मेणबत्ती लावली, टोपी काढली आणि उभा राहिला. इतका वेळ तो माझ्याकडे कधी बघत नाही.

मग तो आईवडिलांच्या थडग्याकडे गेला. मी वाकले. माझी मेणबत्ती तिच्या दगडासमोर ठेवली आणि हळूच म्हणाले, "इर्या, गाडी तुझी. तू ठेव. नवरा मात्र आता माझा."

वारा नव्हता. आजूबाजूची एकही ज्योत हलली नाही.

माझी तेवढी… विझली.

परतताना गाडी मी चालवली. किल्ली फिरवली. इंजिन सुरळीत. दिवा बंद. घरापर्यंत एक ठोका चुकला नाही.

"बघ, केलं की नाही ताइस्तोने नीट," इल्मारी म्हणाला.

मी मनात म्हटलं, जिंकले.

घरी आल्यावर दरवर्षीप्रमाणे सौनाच्या गरम वाफेत बसून अंग शेकलं. चुलीवर भाताची खीर शिजत होती. इल्मारी बाकावर आडवा झाला. मी त्याच्या छातीवर डोकं ठेवलं.

ठक…

ठक…

आणि मग काहीच नाही.

पुन्हा ठक… ठक… आणि पुन्हा तेच.

सणानंतर मी त्याला दवाखान्यात नेलं. मशीन लावलं. पडद्यावरची रेघ चोख. मी जवळ जाऊन त्याचा हात धरला, आणि रेघ तिसऱ्या ठोक्याला सपाट झाली.

"तुम्ही जरा बाहेर थांबता का?" नर्स म्हणाली.

मी बाहेर. दाराच्या काचेतून पाहिलं, रेघ सुरळीत.

मी आत. पुन्हा सपाट.

डॉक्टरांना कारण सापडलं नाही. मला ताइस्तोचं बोलणं आठवलं. दोष सरकला होता.

गाडी आजही माझ्याकडे आहे, उत्तम चालते. इर्याला गाडी नकोच होती.

मी आता दुसऱ्या खोलीत झोपते. "माझं काही चुकलं का गं?" इल्मारी विचारतो. मी घोरण्याचं निमित्त सांगते. तो जगायला हवा, बस.

कधी कधी दार किलकिलं करून बघते. त्याचा श्वास शांत, एकसारखा असतो. माझ्या शेजारी तो इतका गाढ कधीच झोपला नाही.

आणि झोपेतच तो भिंतीकडे सरकतो… कुणाला तरी जागा करून दिल्यासारखा.

माझ्यासाठी तो असा कधी सरकला नाही.