खडकाच्या वळणावर गाडी

शुक्रवार होता, सहा डिसेंबर, दोन हजार एकोणीस. टोआडेर दुपारी वरून इथं अब्रुदला, माझ्या गॅरेजात आला, तो गाडीचे शॉकअप बदलून घ्यायला. हा टोआडेर म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, विओरिकाचा नवरा. डोंगरावर पोयेनी वाडी आहे, तिथं राहायचा. वाडीला अकरा किलोमीटरचा दगडगोट्यांचा रस्ता, आणि हिवाळ्यात तो चढणारी गाडी एकच, याची. कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की याच्याच दारात जायचं.

रेमुस, कोस्टिन, तुम्ही दोघं पोरं काम सोडून सकाळपासून गॅरेजात शॉकअपांवरून भांडताय ना, म्हणून सांगतोय. दात काढू नका.

त्या उन्हाळ्यात याला शर्यतींचं वेड लागलं. लांबलचक, कडक शॉकअप घेऊन आला. मी म्हटलं, "अरे, गाडीत कोण बसतं, रस्ता कसला, वेग किती, हे बघून शॉकअप घ्यायचे असतात. स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप उसळी आवरतो. इतका कडक घेतलास तर सावकाश जाताना एकेक दगड माणसाच्या हाडात शिरेल."

"म्हातारा झालास, इलारिये," तो म्हणाला. "वेगात घेतली की दगड कळतसुद्धा नाहीत."

आणि मीच बसवून दिले. या हातांनी. अजून डोकं फिरतं माझं.

ऑक्टोबरात त्याची शेजारीण राफिला गवताच्या माळ्यावरून पडली. एक्क्याऐंशीची बाई. खुब्याचं हाड मोडलेलं. चिखलात रुग्णवाहिका वर येईना. टोआडेरनं तिला मागच्या सीटवर आडवं घातलं आणि निघाला. "हळू घे रे लेकरा," ती म्हणायची. यानं हळू घेतली, तर दगडागणिक किंकाळी. मग यानं वेग वाढवला. इथला, अब्रुदचा दवाखाना चार किलोमीटरवर राहिला असताना खडकाचं वळण येतं. तिथं ती गप्प झाली. ती कायमचीच.

तर त्या शुक्रवारी मी गाडीखाली पडून साधे, मऊ शॉकअप बसवतोय, आणि हा बाजूला उभा राहून पाव खातोय. म्हणतो, "शर्यती संपल्या. आता हिवाळाभर हेच बरे."

मी विचारलं, "आणि राफिला?"

"तिचं काय? तशीही जाणारच होती."

मी पाना भिरकावला. त्याच्या कानाजवळून भिंतीवर आदळला. "चालता हो इथून!" म्हटलं. तो हसत हसत गेला.

काम मी पुरं करून दिलं, आणि सव्वासहाला तो गाडी घेऊन निघाला. बाहेर मिट्ट काळोख. नुकताच बर्फाचा पातळ थर पडून थांबला होता, त्यावर पहिली चाकं याचीच. नवे शॉकअप झकास. गाडी पाळण्यासारखी चाललेली. सात वाजायच्या आत तो खडकाच्या वळणाशी आला.

तिथं दणका बसला.

त्याला वाटलं, दगड. वेग कमी केला. पुन्हा दणका. पहिल्यापेक्षा मोठा. थेट कंबरेत. त्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं.

दणका.

गाडी उभी होती. दिवे समोरच्या खडकावर स्थिर होते. खडक हलत नव्हता...

दणका.

दार उघडेना. तो मागून किंकाळी यायची वाट बघत होता. किंकाळी आली नाही. ती आली असती तर बरं झालं असतं, असं मला नंतर म्हणाला. मागून येत होता तो फक्त... दातांवर दात आवळल्याचा आवाज.

आरसा समोरच होता. त्यानं पाहिलं नाही.

मग हा चिडला. "मी न्यायला तरी आलो होतो ना! बाकीचे कुठं होते? उतर माझ्या गाडीतून!"

सगळं शांत.

एक क्षण.

दोन...

आणि मग एकामागून एक. डोकं छताला. कंबर सीटवर. तो "चुकलो" म्हणाला. पुन्हा म्हणाला. ऐकायचं असेल तर ना कुणाला...

आठ वाजता विओरिकाचा फोन. "दादा, हे अजून आले नाहीत." मी शिव्या घालतच गाडी काढली. बर्फात वर जाणारे चाकांचे दोन पट्टे दिसत होते, त्यांच्यामागून गेलो. वळणाच्या अलीकडे डोळ्यांवर झगझगीत दिवे आले. समोरून गाडी. मला वाटलं, हा पिऊन परत खाली येतोय. संताप संताप झाला. भोंगा वाजवला. गाडी हलेना.

उतरून गेलो. माझ्या हाताला दार लगेच उघडलं. टोआडेर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसला होता. ओठ चावून रक्त आलेलं. माझ्याकडे न बघता म्हणाला,

"इलारिये... थांबली का रे गाडी?"

त्या रात्रीनंतर त्यानं स्टिअरिंगला हात लावला नाही. हे सगळं मला एकदाच सांगितलं, दुसऱ्यांदा विचारू दिलं नाही. त्याचं सोडा. खोटं बोलत असेल, भ्रमला असेल. मी जे माझ्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच घ्या.

मी टॉर्च मारला. एका बाजूला खडक. दुसऱ्या बाजूला दरी. गाडी आडवी मावणार नाही, इतका रस्ता अरुंद. खालून आलेले दोन पट्टे सरळ त्याच्या चाकांखाली जाऊन संपले होते. कुठं वळल्याची खूण नाही, घसरल्याची नाही. गाडीच्या पलीकडे, वाडीकडे, कोरा बर्फ.

आणि गाडीचं तोंड खाली होतं. दवाखान्याकडे.