"मी चुकलो," ती म्हणाली

गोल्फच्या मैदानावर कुणी "फोर" असं ओरडलं, तर डोकं हातांनी झाकून खाली बसायचं असतं, हे खेळणाऱ्यांतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिला ते छत्तिसाव्या वर्षी, परक्या देशातल्या कामाच्या पहिल्याच दिवशी कळलं, आणि तेही उशिरा.

चूक तिची होती असंही म्हणता येणार नाही. ती फिजिओथेरपिस्ट. तेरा वर्षं लोकांचे हातपाय हलवून घेत आकडे मोजत आलेली. बारा आठवड्यांची रजा टाकून ती इथे स्वयंसेवक म्हणून आली होती. मोठेपणी दृष्टी गेलेल्या माणसांना पुन्हा तोल सांभाळायला आणि न घाबरता चालायला शिकवणारं हे केंद्र. एक बैठी इमारत, तिच्यामागे कुंपण, आणि कुंपणापलीकडे गोल्फचं मैदान. सकाळपासून चौघांचे व्यायाम मोजून ती मैदानाच्या कडेच्या वाटेने आपल्या खोलीकडे निघाली होती, तेवढ्यात लांबून कुणीतरी जीव खाऊन ओरडलं, "फोर!"

"फाइव्ह," ती सवयीने म्हणाली आणि सहाची वाट बघत उभी राहिली.

सहाऐवजी चेंडू आला. तिच्या बुटापासून वीतभर अंतरावर धप्पकन पडला आणि गवतात रुतून बसला. पाठोपाठ एक उंच माणूस धावत आला. डोक्यावर मळकी टोपी, गुडघ्यापर्यंत कापलेलं गवत चिकटलेलं. कुठे लागलं का, असं त्याने तिथल्या भाषेत विचारलं. ती छातीवर हात ठेवून नुसतीच पुटपुटली, "बाई गं... मेलेच होते आत्ता."

तो थबकला. तिच्याकडे बघतच राहिला.

"नाही मेलीस," तो चक्क मराठीत म्हणाला. "मी ओरडले ना. तू तर मोजत बसलीस."

आता चेंडूने दचकावं, मराठीने दचकावं की त्या 'ओरडले'ने, हे तिला कळेना. तिने नीट पाहिलं. माणूस चांगला दाढीवाला, चाळिशीला टेकलेला. मैदानाचं गवत राखणं हे त्याचं काम, आणि दुपारी केंद्रातल्या लोकांना तो गोल्फ शिकवायचा. ज्यांना दिसत नाही त्यांना गोल्फ? तिच्या तोंडून गेलंच. तो रागावला नाही.

"उद्या ये, फाइव्ह," तो म्हणाला. "मी दाखवते."

फाइव्ह हे नाव तिला तेव्हा चिकटलं ते कायमचं.

दुसऱ्या दिवशी ती गेली ती थोडी नाक मुरडतच. मैदानावर एक निवृत्त पोस्टमनकाका उभे होते. चार वर्षांपूर्वी डोळे गेलेले, त्याआधी तीस वर्षं लोकांची दारं वाजवलेली. मैदानवाल्याने त्यांचा हात कोपराशी धरला आणि दोघं चेंडूपासून भोकापर्यंत चालत गेले. काका पावलं मोजत होते. मध्येच थांबून एका पायावर भार टाकत, मग दुसऱ्यावर. जमीन कुठे उतरते, हे ते तळपायांनी बघत होते. परत येऊन मैदानवाल्याने काकांच्या हातातल्या गोल्फच्या काठीचं टोक चेंडूमागे नेमकं टेकवलं आणि तो बाजूला झाला. काकांनी श्वास सोडला, खांदे हलवले. चेंडू निघाला, उजवीकडे वळला, आता चुकणार असं वाटत असताना उताराने डावीकडे आला आणि टपकन भोकात पडला.

तिच्या अंगावर काटा आला. तेरा वर्षं ती लोकांना पाय टाकायला शिकवत होती, पण पाय असं बघू शकतात हे तिला माहीत नव्हतं. आपण इथे काहीतरी द्यायला आलोय, ही ऐट त्या टपकन आवाजाबरोबर कुठल्या कुठे गेली.

"मला शिकव," ती म्हणाली.

"काकांना दिशा दाखवायला?"

"ते नंतर. आधी चेंडू मारायला."

मग सुरू झाली फजिती. जी बाई लोकांच्या पाठीचा मणका न् मणका ओळखायची, तिला साधी काठी धरता येईना. पहिल्या आठवड्यात चेंडू जागचा हलला नाही. उडाली ती गवताची ढेकळं. तो एकेक ढेकूळ उचलून आणायचा, जागेवर बसवायचा आणि पायाने हळूच दाबायचा. आपण त्याच्या मैदानाची चाळण करतोय म्हणून ती ओशाळायची.

"शेती करायची आहे का तुला?" एकदा त्याने विचारलं.

"नाही. का?"

"मग नांगर नको धरूस. पाखरू धर. मरणार नाही आणि उडणार नाही, इतकंच."

घरी फोनवर ताईला तिने हे सांगितलं तर ताई खो-खो हसत सुटली. शाळेत दोरीवरच्या उड्यांत सुद्धा पाय अडकायचा तुझा, तू गोल्फ खेळणार? आणि तो पाखरूवाला कोण गं? ती म्हणाली, मैदानवाला आहे, गवत कापतो. ताई म्हणाली, बरं बरं, कापू दे. पण त्या 'बरं बरं'मध्ये बराच मसाला होता.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ते घडलं. मागून तो खांद्यांबद्दल काहीतरी सांगत होता, तिचं लक्ष त्याच्या आवाजाकडे होतं, शब्दांकडे नव्हतं. काठी खाली आली आणि... काहीच झालं नाही. हाताला धक्का नाही, दणका नाही. फक्त एक स्वच्छ आवाज झाला. तिला वाटलं, पुन्हा हुकला. वर पाहते तर चेंडू आभाळात. चढतोय, चढतोय, आणि मग कुणी वरून धरून ठेवल्यासारखा क्षणभर तिथेच. ती तोंड उघडं टाकून बघत राहिली. एवढं आपल्या हातून निघालं, यावर तिचा विश्वास बसेना.

"हे... मी केलं?"

"तू केलंस," तो म्हणाला. तो चेंडूकडे बघत नव्हता.

सगळं कसं छान चाललं होतं, आणि तिच्या जिभेने घात केला. सुधारत राहणं हा तिचा धंदाच. समोरच्याचा खांदा वाकडा दिसला की तिचे हात शिवशिवायचे, मग भाषा तरी कशी सुटावी? एका दुपारी व्हरांड्यात चहा चालला होता. केंद्राच्या मोठ्या बाई होत्या, काका होते. तो काहीतरी रंगात येऊन सांगत होता, "मग मी म्हणाले, मी नाही येत, मी इथेच थांबते..." आणि ती हसत सुटली. म्हणाली, "अरे, थांबते काय? थांबतो म्हण. पुरुष आहेस ना तू?" वर बाईंनाही तिथल्या भाषेत समजावून दिलं की हा बायकांसारखं बोलतो.

बाई हसल्या. त्याचे कान लाल झाले. त्याने चहा तसाच ठेवला आणि गवताला पाणी द्यायचं राहिलंय म्हणून तो उठून गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो तिच्याशी तिथल्या भाषेत बोलू लागला. नीट, अदबीने, सगळं शिकवत होता. फक्त मराठीचा एक शब्द नाही. फाइव्ह नाही, पाखरू नाही. चार दिवसांत तिला ते मैदान ओसाड वाटायला लागलं.

शेवटी काकांनीच तिला बाजूला बसवलं. त्यांना दिसत नव्हतं, पण त्या दोघांमधली शांतता त्यांना पहिल्या दिवसापासून ऐकू येत होती. त्यांनी सांगितलं ते एवढंच होतं. त्याचे वडील इथले, आई तुमच्याकडची. घरात ती भाषा एकटी आई बोलायची, तीही फक्त याच्याशी. सहा वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून ती भाषा बोलायला त्याला कुणी नव्हतं. तू चेंडूसमोर उभी राहून काहीतरी पुटपुटलीस ना, त्या दिवशी तो माझ्याकडे येऊन लहान मुलासारखा रडला.

तिला त्याची वाक्यं एकेक आठवली. मी जाते, मी थांबते, मी शिकवते. दुसरं कुणी बोललेलं त्याने ऐकलं होतंच कुठे? ती चूक नव्हती. ती त्याची आई होती, जशीच्या तशी, त्याच्या तोंडात राहिलेली. तिला अशी शरम आयुष्यात वाटली नव्हती, आणि शरमेच्या तळाशी थक्क व्हायला होत होतं. माणूस गेल्यावरही क्रियापदांत राहतो म्हणजे काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गवत कापत होता तिथे ती जाऊन उभी राहिली. त्याने यंत्र बंद केलं. रात्रभर जुळवलेली वाक्यं ऐन वेळी तिच्या तोंडातून फुटेनात. मग जे सुचलं ते ती बोलली.

"मी चुकलो."

त्याने मान वर केली.

"मी... मी फार वाईट वागलो. मी मूर्खासारखा हसलो. मला माफ कर."

त्याने टोपी मागे सारली. मग ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "चुकलो नाही," तो म्हणाला, मराठीत. "चुकले. तू बाई आहेस ना."

"असू दे. तू बदलणार नाहीस. मीच बदलतो."

तो हसला. असा हसला की टोपी खाली पडली. पुढे कितीतरी दिवस ती त्याच्यापुरता पुल्लिंगात बोलायची आणि तो तिला सुधारायचा. आईच्या गोष्टीही मग हळूहळू निघाल्या. ती कसं रागवायची, काय गुणगुणायची. आठवलेला शब्द तो तिच्यापुढे ठेवायचा आणि विचारायचा, हा खरंच आहे, की आईने बनवला होता? बहुतेक खरे असायचे. दोन-तीन आईचेच होते. ते तिने तसेच घेतले आणि वापरायला लागली.

अकरावा आठवडा लागला तेव्हा ती काकांची काठी अचूक टेकवू लागली होती. मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावलं. दोन वर्षं राहशील का? नोकरी म्हणून. शुक्रवारपर्यंत सांग.

तिकडे तिची खुर्ची तिची वाट बघत होती, ताई वाट बघत होती. इथे राहायला मन केव्हाच तयार होतं. ही माणसं सोडून जायची कल्पनाही तिला सोसवत नव्हती. पण रोज त्याच्यासमोर उभं राहायचं आणि मनातलं मनातच ठेवायचं, हे दोन वर्षं जमणार नव्हतं. त्याने थांब म्हणावं म्हणून ती सोमवारी थांबली, मंगळवारी थांबली. बातमी साऱ्या केंद्राला कळली होती. तो मात्र गवताच्या मुळांबद्दल बोलत होता.

गुरुवारी तिची परीक्षा होती. दुसऱ्याला दिशा दाखवणाऱ्याने आधी स्वतः डोळ्यांवर पट्टी बांधून खेळावं, असा तिथला नियम. त्यानेच पट्टी बांधली. गाठ मारताना बोटं तिच्या केसांना लागली आणि लगेच दूर झाली. मग जग नाहीसं झालं. उरला गवताचा वास, डाव्या गालावरचं ऊन आणि त्याचा आवाज. त्या आवाजामागे ती पाऊल टाकत गेली आणि तिला आश्चर्य वाटलं ते एकाच गोष्टीचं, तिला भीती वाटत नव्हती.

शेवटच्या चेंडूपाशी पोचल्यावर दोघं भोकापर्यंत चालले. तेरा पावलं. आठव्याला जमीन हळूच उजवीकडे कलली. परत आल्यावर त्याने काठी टेकवून दिली आणि तो भोकापाशी जाऊन उभा राहिला. खेळणाऱ्याला आवाजावरून दिशा कळावी म्हणून तिथे झेंड्याची काठी भोकात खुळखुळवायची असते.

तिने चेंडू मारला नाही.

"बाईंनी मला थांबायला सांगितलंय," ती अंधारात म्हणाली.

"माहीत आहे."

"मग तू गप्प का?"

मग त्याचा आवाज आला. "इथे येणारे सगळे जातात, फाइव्ह. मी कुणाला अडवत नाही. तू द्यायला आलीस. देणाऱ्याला... अजून दे, असं कसं म्हणू?"

"मी काय दिलं रे?" ती म्हणाली. "आले तेव्हा मला सगळं येत होतं. तेरा वर्षांत मला कुणी काही शिकवलं नव्हतं. इथे येऊन मी पहिल्यांदा हरले, आणि पहिल्यांदा वर बघितलं. ओंजळ भरून घेतलंय मी." तिने श्वास घेतला. "मी राहणार आहे. तू असलास-नसलास तरी राहणार आहे, कामासाठी. काम पाचला संपतं. पाचनंतर काय करायचं, ते तू सांग."

आयुष्यभर तिने माणसं बघून ओळखली होती, चेहऱ्यावरून, खांद्यांवरून. आता बघायला काहीच नव्हतं. मग तिला काठी ऐकू आली. बारीक, भराभर, थांबून पुन्हा. तो खुळखुळवत नव्हता. त्याचा हात थरथरत होता.

"थांब," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "पाचनंतर थांब. पाचच्या आधी पण. मला तू रोज हवी आहेस. मी... मी किती दिवस हे म्हणायला घाबरते आहे."

तिच्या पट्टीच्या आत सगळं ओलं झालं. तिने काठी गवतावर ठेवली.

"पट्टी सोडू?" त्याने विचारलं.

"नको. किती पावलं?"

"तेरा. सरळ."

ती निघाली. हात पुढे न करता, मोजत, तळपायांनी जमीन बघत. आठव्याला उजवीकडे कलायचं हे तिच्या लक्षात होतं. पण तिथवर जायची वेळच आली नाही. सातव्या पावलालाच तो तिला लागला. उरलेली सहा तो चालून आला होता.