टिंबाचा स्लॉट

माणूस ओळखायची सेतुमाधवची रीत साधी होती. कोण काय देतो आणि कोण नुसतं उचलतो, एवढं तो बघायचा. गिंडीच्या एका कंपनीत तो खरेदी विभागात होता, त्यामुळे या सवयीचा पगार मिळायचा. संध्याकाळी नुंगंबाक्कमला घरी आला की तीच सवय तो फुकटात चालवायचा.

त्या सुमाराला केबलवाल्या कार्तिकनं गच्च्यांवरून, नारळाच्या झावळ्यांतून निळ्या तारा ओढून गल्लीत घरोघरी इंटरनेट दिलं होतं. बाहेरचं जग त्यावरून रडतखडत यायचं, पण तारेनं जोडलेल्या घरांत आपापसात फाइली पाण्यासारख्या धावायच्या. म्हणून मंडळींनी फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी कॉम्प्युटरवर एक अड्डा उभा केला. त्याचं यंत्र सेतुच्या आतल्या खोलीत, आणि राज्यही सेतुचंच. अड्ड्यावर त्याचं नाव होतं 'तहसीलदार'. कायदा एकच: स्वतःचं काहीतरी उघडं ठेवल्याशिवाय दुसऱ्याचं घ्यायचं नाही. ज्याची फाइल हवी त्यानं तुम्हाला स्लॉट द्यायचा, म्हणजे आपल्या घरात येऊन उचलायची मुभा. नुसता घेणारा सापडला की तहसीलदार त्याला हाकलून द्यायचे.

फाइली उतरेपर्यंत गप्पा चालत. तमिळ आणि इंग्रजीची खिचडी, पण चव अशी:

"एक गिगाची मेल देतायत म्हणे. निमंत्रण आहे का कुणाकडे?"

"आहे. बदल्यात काय देतोस?"

"आशीर्वाद."

"तहसीलदार, हाकला याला."

"नव्या विंडोजची किंमत वाचली का?"

"विंडोजला किंमत असते?"

हा शेवटचा टोला रणवीरचा. तो कोल्हापूरचा, सेतुच्याच कंपनीत, आणि मागच्या गल्लीत एकटा राहायचा. सेतुच्या तंजावरी मराठीची तो मनसोक्त टिंगल करायचा आणि रविवारी सेतुच्याच घरी जेवायचा. हा व्यवहार सेतुच्या हिशेबात बसत नव्हता, पण माणूस गोड होता.

अड्ड्यावर एक सभासद मात्र कधीच बोलायचा नाही. नावाच्या जागी नुसतं एक टिंब. त्याच्याकडे फाइली पुष्कळ होत्या, लोक घेत होते, तो हसतमुख दुकानदारासारखा देत होता आणि कुणाकडूनही काही घेत नव्हता. सेतुला हे खटकायचं. फुकट देणाऱ्या पुरवठादाराला तो ऑफिसातही दारात उभं करत नसे.

मग व्होल्टेज वरखाली झालं आणि सेतुची हार्ड डिस्क जळाली.

सिनेमे गेले, गाणी गेली, त्याचं काही नाही. त्यात आई होती. तुळजाबाईंचा आवाज. घरातला पाळणा त्यांनी एकदा कॅसेटवर म्हटला होता. या घराण्याच्या पाळण्यात प्रत्येक मुलाचं एक कडवं असतं. पहिलं सेतुचं, दुसरं त्याच्या बहिणीचं, विद्यालक्ष्मीचं. दुसरं संपता संपता कॅसेटची बाजू संपली. "उरलेलं नातवंडं आली की म्हणेन," असं म्हणून आई उठली आणि त्या पावसाळ्यात गेली. कॅसेटला बुरशी लागली, पण तोवर सेतुनं तो आवाज कॉम्प्युटरात उतरवून घेतला होता.

आता घरात सेतुच्या मुलीचा पाळणा हलत होता. रविवारी बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि ते आधी कुणाला सांगायचं नाही हा आत्याचा हट्ट. विद्यालक्ष्मी अण्णा नगरहून रोज फोन करत होती.

"अण्णा, आईचं गाणं तयार आहे की?"

"आहे."

"त्या दिवशी दुसऱ्या कुणालाही गाऊ देणार नाही मी. आईचाच आवाज पाहिजे. लहानपणचं दुसरं काय राहिलंय आपल्याजवळ?"

"अगो, आहे म्हटलं ना," सेतु म्हणाला आणि त्यानं घाईनं फोन ठेवला.

त्याला एकच आशा होती, आणि तीही त्याच्याच लबाडीची. अड्ड्यावर आपला साठा मोठा दिसावा म्हणून त्यानं पूर्वी सगळी डिस्क उघडी टाकली होती, आईसकट. कुणीतरी चुकून उचललं असेल. नवी डिस्क बसवून त्यानं अड्ड्यावर विचारलं.

"तहसीलदार भीक मागतायत!" रणवीरनं लिहिलं. "आधी काय उघडं ठेवलंय ते दाखवा."

सगळे खिदळले. आणि टिंबाच्या नावाखाली ती फाइल दिसली. तेच नाव, सेतुनं दिलेलं: आईचा पाळणा.

फाइल उतरली तेव्हा सेतुच्या डोळ्यांत पाणी आलं. असा हिशेबी माणूस आभार मानताना जरा जास्तच देऊन बसतो. त्यानं टिंबासाठी कायमचा स्लॉट उघडला आणि लिहिलं, "माझ्या घरातलं काय लागेल ते घे. कधीही घे."

पहिल्यांदाच टिंबाचं उत्तर आलं. एकच शब्द.

"रविवारी."

"नोकरदार दिसतोय," रणवीरनं लिहिलं. "सुट्टीशिवाय चोरी नाही."

सेतुनं फाइल लावली. कॅसेटची खरखर, मागे स्वयंपाकघरातल्या नळाची धार, मग आई. *जो जो रे सेतुबाळा, कावेरीचा वारा आला.* दुसरं कडवं विद्याचं. जिथं टेप संपायची तिथं त्यानं सवयीनं बंद करायला हात पुढे केला.

आवाज थांबला नाही.

आईनं श्वास घेतला, घोटभर पाणी प्यायल्यासारखा आवाज झाला आणि तिसरं कडवं सुरू झालं.

*नीज गे सुनेत्राबाई, माझ्या मांडीवर येई.*

मग शांतता. फाइल संपली. सेतुच्या घराण्यात सुनेत्रा नावाचं कुणी नव्हतं.

आईनं टेप उलटून दुसऱ्या बाजूला म्हटलं असेल. दोन्ही बाजू कुणीतरी जोडल्या असतील. त्यानं स्वतःची समजूत घातली, पण ती कॅसेट त्याच्याखेरीज कुणाच्या हाती लागली नव्हती हेही त्याला ठाऊक होतं. त्यानं फाइल सीडीवर उतरवली, ती सीडी शेवटपर्यंत ऐकून खात्री केली आणि हॉलमधल्या प्लेअरजवळ ठेवून दिली. रम्याला, बायकोला, त्यानं काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्तिक वसुलीला आला तेव्हा सेतुनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "हा टिंब म्हणजे कोण रे? कुठल्या घराची तार?"

कार्तिकनं जिन्यातला डबा उघडून पाहिला, गच्चीवर जाऊन आला, मान खाजवली.

"तुमच्याच डब्यातून येतोय, सार."

"डब्यात तारा किती आहेत?"

"एकच की. तुमची."

रविवारी सकाळपासून घर भरलं. जिलबी, फिल्टर कॉफी, मोगरा. हॉलच्या मधोमध पाळणा. विद्यालक्ष्मी गर्भरेशमी साडीत सगळ्यांना हुकूम सोडत होती. बाळ भुकेनं रडायला लागलं तेव्हा म्हाताऱ्या हेमावतीमामी हसून म्हणाल्या, "अय्यो, गळा पाहिलास का? आजीचाच!"

रणवीर जिलबीची वाटी घेऊन आतल्या खोलीत आला. "तहसीलदार, बघा तरी. तुमचं टिंब आज बाजाराला आलंय."

सेतुनं पडद्याकडे पाहिलं. टिंब त्याच्याकडून काहीतरी घेत होतं. फाइलचं नाव: सुनेत्रा.

"ही कोण?" रणवीरनं विचारलं.

"माझ्याकडे अशी फाइलच नाही."

"मग तो उचलतोय काय?"

हिरवी पट्टी सावकाश भरत होती. हॉलमधून बाळाचं रडणं येत होतं. सेतुनं टिंबाला हाकलायचं बटण दाबलं. काही झालं नाही. स्लॉट त्यानंच दिला होता, कायमचा.

त्यानं निळी तार उपटली.

पट्टी भरतच राहिली.

"अरे, तार तर तुझ्या हातात आहे," रणवीर म्हणाला. त्याच्या आवाजातली टिंगल पहिल्यांदाच गेली होती.

सेतुनं भिंतीतलं बटण बंद केलं. पंखा थांबला. पडदा तसाच. बाहेरचं रडणं आता कुणीतरी दार ओढून घेतल्यासारखं बारीक झालं होतं. मग रस्त्यापलीकडून आल्यासारखं.

मग पट्टी भरली आणि पडदा काळा झाला.

हॉलमध्ये शांत होतं.

"झोपली वाटतं," कुणीतरी म्हणालं.

सेतु बाहेर आला तेव्हा विद्यालक्ष्मी पाळण्यावर वाकली होती. बायकांनी तिच्या पाठीवर हलकेच धपके घातले, हसल्या. तिनं कानात सांगितलं, मग मोठ्यानं.

"सुनेत्रा!"

"छान नाव," हेमावतीमामी म्हणाल्या. "आता गाणं लाव."

"विद्या, थांब," सेतु म्हणाला. पण गलबल्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. तिनं प्लेअरचं बटण दाबलं.

खरखर. नळाची धार. आई. सेतुचं कडवं, विद्याचं कडवं. विद्यालक्ष्मी पदरानं डोळे टिपत होती. तिसरं कडवं सुरू झालं आणि ती चमकून भावाकडे पाहू लागली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, आणि मग आनंद, निव्वळ आनंद. आईनं वरून नाव पसंत केलं होतं.

कडवं संपलं. सेतुनं ऐकून ठेवलेली सीडी इथं संपत होती.

ती पुढे गेली. आत एक बाळ रडायला लागलं. खणखणीत, भुकेलं. आणि त्याच्या जवळ, अगदी जवळ, आईचा आवाज: "उगी, उगी. आलीस ना आता."

"बाळाचं रडणं पण घातलंस होय रे?" हेमावतीमामी कौतुकानं म्हणाल्या.

रम्या पाळण्याजवळ उभी होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा पाळण्यात पाहिलं. दोरी तिच्या हातातून सुटली.

पाळण्यात सुनेत्रा जागी होती. चेहरा लाल झालेला, मुठी आवळलेल्या, गालांवरून पाणी. सगळं तोंड उघडून ती रडत होती.

आवाज फक्त प्लेअरमधून येत होता.