पुंजारामच्या पडवीतला राउटर

पुंजाराम पडवीत पालथा पडला होता. मानेवर कोयत्याचे तीन घाव. तिसऱ्या घावाला कोयता हाडात रुतला आणि मारणाऱ्याने तो तसाच सोडून दिला. रक्त उंबरा ओलांडून तुळशीवृंदावनापर्यंत वाहत गेलं होतं.

सप्ताहाच्या पंगतीला तूप कमी पडलं, म्हणून त्याची बायको गोपिकाबाई पाच वाजता घरी आली होती. तिच्या किंकाळीने गाव धावलं. लोक पोचले तेव्हा त्यांचा मुलगा कल्याण बापाला मांडीवर घेऊन बसला होता. सदरा रक्ताने भिजलेला. कोणीतरी ओरडलं, दुपारी ह्यानंच बापाशी भांडण केलं. मग विचारतो कोण? काठ्यांनी, लाथांनी तुडवला त्याला. उजवं मनगट मोडलं. पोलीस आले म्हणून जीव वाचला.

अंकुशनगरच्या साखर कारखान्यापलीकडचं हे गाव. फौजदार वर्षाराणी पावणेसहाला पोचल्या. आधी घर पाहिलं, मग देवळाकडे गेल्या. कीर्तन थांबलं होतं, पण वीणा उभीच होती. सात दिवस ती भुईला टेकवत नाहीत. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची, हा पहारा. चार ते सहा पाळी भारतची होती. गावातल्या घरोघरी नेट जोडणारा हा भारत वीणा गळ्यात घेऊन रडत होता.

"पुंजारामभाऊ म्हंजे बापाच्या जागी होते मॅडम," तो म्हणाला. "अन् मला साधं जाताबी येईना. वीणा कुठं ठेवू?"

कचरू धनगर सप्ताहाला दूध घेऊन आला होता. तो वर्षाराणींच्या पायाशी बसून पुटपुटला, "बाई, माझ्याकून पाप झालं." जमादार रामरावांनी त्याला बाजूला लोटलं. पाप सांगायची ही वेळ आहे का, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शवविच्छेदन होऊन प्रेत दारात आलं. भावकी अडून बसली. बाप मारणाऱ्याच्या हातून अग्नी नको, चुलत्याने द्यावा. गोपिकाबाई चौकीवर आली. रडली नाही. एवढंच म्हणाली, की उन्हं कलेपर्यंत प्रेत ठेवते, तेवढ्यात माझा लेक मला द्या, नाहीतर तो खुनी आहे असं माझ्या तोंडावर सांगा.

जमादारांचा हिशेब सरळ होता. अंगणातला कॅमेरा चार दहाला बंद पडला. तो वायफायवर चालतो. त्याच दुपारी कल्याणने वायफायचा पासवर्ड बदलला होता, तो त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हता. म्हणजे कॅमेरा बंद करणारा तोच.

"भांडण कशावरून झालं?" वर्षाराणींनी कल्याणला विचारलं.

"वायफायवरून."

"चार वाजता कुठं होतास?"

"शेतात. मोटार चालू करायला गेल्तो."

"कोणी पाहिलं?"

"कोण पाहणार? सगळं गाव कीर्तनाला."

"पासवर्ड का बदललास?"

कल्याणने मान फिरवली. जमादारांनी त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. ओठ फुटला. वर्षाराणींनी जमादारांना बाहेर पाठवलं, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि वाट पाहत बसल्या.

"आकांक्षाचं नाव येऊ देऊ नका," तो शेवटी म्हणाला. आकांक्षा त्याची बायको.

मग सगळं बाहेर आलं. गावातल्या प्रत्येक घराचा पासवर्ड एकच होता: रामकृष्णहरी. नेट जोडताना भारतनेच तो ठेवलेला. देवाचं नाव, कोणी विसरत नाही. आणि दारी आलेल्याला देवाचं नाव नाकारायचं कसं? कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. काल दुपारी नेट फार हळू चालतं म्हणून कल्याणने राउटरच्या सेटिंग उघडल्या. तिथे बाहेरून शिरायची वाट उघडी होती, आणि कोणीतरी लांबून अंगणातला कॅमेरा बघत होतं. अंगणातच न्हाणी आहे. कल्याणने ती वाट बंद केली आणि सेटिंगचा व वायफायचा, दोन्ही पासवर्ड बदलले, कॅमेऱ्यातही नवा टाकला.

"बाप आधी चिडला. हरीच्या नावाला कुलूप लावतो का म्हणला. शेजाऱ्यानं तेवढंच ऐकलं. मंग मी खरं सांगितलं. गपकन खाली बसला. म्हणला, कोण हाय मला ठाव हाय, काल्याच्या कीर्तनात उभा करतो त्याला."

"नाव सांगितलं?"

"न्हाई. आधी त्याला एक डाव भेटतो म्हणला. सुधरला तर सुधरला."

वर्षाराणी पुंजारामच्या पडवीत गेल्या. राउटर मागच्या दाराशी भिंतीला होता. नेट चालू होतं. कल्याणचा फोन जोडून पाहिला. नवा पासवर्ड चुकीचा दाखवत होता. आकांक्षाचा फोन मात्र काही न करता जोडला गेला. ती काल दिवसभर सप्ताहाच्या स्वयंपाकात होती, तिच्या फोनात जुनाच पासवर्ड होता.

"घ्या," जमादार म्हणाले, "वायफायनं नवराबायकोत बी भांडण लावलं."

वर्षाराणी हसल्या नाहीत. जुन्याच पासवर्डने त्या सेटिंगमध्ये शिरल्या. राउटर आपली नोंद ठेवतो, कोण जोडलं, कधी जोडलं. पहिलीच नोंद काल चार बाविसची होती. त्याआधीचं पान कोरं.

दुपारी त्यांनी कल्याणला देवळाच्या मंडपात आणलं. दगड हातात घेऊन काहीजण उभे राहिले. पुन्हा पाळीवर आलेला भारत वीणा घेऊन उभा होता. जांब समर्थ गावाहून आलेले कीर्तनकार महाराज खांबाशी बसले होते.

"कल्याणनं कॅमेरा बंद केला असं तुम्ही म्हणता," वर्षाराणी म्हणाल्या. "कॅमेरा कोणी बंद केलाच नाही. मारणाऱ्यानं राउटरचं रीसेटचं बटन दाबलं. तेवढ्यानं राउटर कारखान्यातून आल्यासारखा कोरा झाला, नेट गेलं, कॅमेरा गेला. खून झाल्यावर त्यानं सगळं होतं तसं परत बसवलं. पाच-दहा मिनिटं नेट गेलं होतं, एवढंच दिसावं म्हणून. कॅमेरा आपोआप सुरू होईल असं त्याला वाटलं. झाला नाही. कारण त्यानं पासवर्ड ठेवला रामकृष्णहरी. कल्याणनं दुपारीच तो बदलला होता, हे त्याला माहीत नव्हतं. कल्याण असता तर नवा ठेवला असता."

दगड हळूहळू खाली आले.

"जुना पासवर्ड तर साऱ्या गावाला ठाऊक," कोणीतरी म्हणालं.

"बरोबर. पण कोरा झालेला राउटर नुसत्या पासवर्डानं नेट देत नाही. गिऱ्हाइकाचा नंबर आणि कंपनीचा कोड टाकावा लागतो. तो ना कल्याणला माहीत, ना तुम्हाला. नेट जोडणाऱ्यालाच माहीत असतो."

सगळे वळले. भारत हसला. "मॅडम, चार ते सहा वीणा कोणाच्या गळ्यात होती, गावाला विचारा."

"तेच विचारते. चार ते साडेचार वीणा कोणाच्या गळ्यात होती?"

कीर्तनाची गर्दी पुढे होती आणि वीणेकरी मागच्या कोपऱ्यात. मग कचरू धनगर उठला.

"माझ्या. जल्दी येतो म्हणला अन् गळ्यात घालून गेला. मला माळ न्हाई, मी मटण खातो. म्हणला, सांगशील तर पहारा बाटवल्याचं पाप तुझ्या माथी."

भारतने वीणा भिरकावली. आचाऱ्याजवळचा विळा उचलून तो कचरूवर धावला. पहिला वार दंडावर बसला, मांस उघडं पडलं. दुसरा वार उतरायच्या आत जमादारांची काठी भारतच्या कोपरावर आदळली, हाड मोडल्याचा आवाज आला. मग गाव तुटून पडलं. लाथा, दगड, चपला. वर्षाराणी मध्ये घुसल्या. एक दगड त्यांच्या कपाळाला लागला, रक्त डोळ्यात उतरलं, पण त्या भारतवर आडव्या राहिल्या.

"काल चुकीच्या माणसाचा हात मोडलात. आज माणूस बरोबर आहे म्हणून तुम्ही बरोबर होत नाही."

भारतच्या फोनात सात घरांच्या न्हाणीची चित्रं निघाली. तोंडातून रक्त थुंकत तो म्हणाला, "पाळीच्या आधी म्हातारा गाठून म्हणला, आपल्या तोंडानं कबूल कर, मी तुझ्या शेजारी उभा राहतो. शेजारी उभा राहतो म्हणं! त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं."

महाराजांनी पडलेली वीणा उचलली. कचरूचा दंड उपरण्याने बांधला आणि सगळ्यांसमोर त्याच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाले, "काल पहारा तुम्ही एकट्यानेच केला, कचरूबाबा."

उन्हं कलली होती. स्मशानात भावकी मान खाली घालून उभी राहिली. कल्याणने पेटता टेंभा उजव्या हातात घेतला. मोडलेल्या मनगटाला तो पेलेना, दोनदा खाली आला. बाया स्मशानात येत नाहीत, पण गोपिकाबाई आली होती. तिला अडवायचं तोंड कोणाला उरलं नव्हतं. ती पुढे झाली, लेकाच्या हाताखाली आपला हात घातला, आणि दोघांनी मिळून अग्नी दिला.