अजिबात नको

ताईला जाऊन तीन महिने झाले होते. तिचे कपडे आवरायला म्हणून मी दुपारी भाऊजींकडे गेले. कपाट उघडलं तसा डांबरगोळ्यांचा वास खोलीभर पसरला. भाऊजी पलंगाच्या कडेला मोबाइल धरून बसले होते.

"घास तोंडात घालावा तर हिचा फोटो समोर," ते म्हणाले. "ऑफिसात, बसमध्ये... बंद करता येतं का गं हे?"

येत होतं. काय बघायचं ते आता आपणच ठरवायचं, अशी नवी सोय फोटो दाखवणाऱ्या त्या ॲपमध्ये आली होती. मी ताईच्या नावावर बोट ठेवलं. 'जास्त दाखवा', 'कमी दाखवा', 'अजिबात नको'.

भाऊजींनी हात मागे घेतला. "तिला वाईट वाटेल..."

"काहीतरीच काय!" म्हणत मीच तिसरा पर्याय दाबला.

ताईचे फोटो दिसेनासे झाले. भाऊजींनी डोळे मिटले. "सुटलो बघ."

तेवढ्यात माझ्या पर्समधला मोबाइल थरथरला. पडद्यावर ताईचं नाव. खाली एकच ओळ: 'यांनी तुमच्याबद्दल निवड केली आहे. अजिबात नको.'

ताईचा मोबाइल तिच्या साड्यांखाली होता. तीन महिने बंद. मी हात घातला... तो तापला होता.

"भाऊजी, हे बघा ना..."

ते उठले, जिन्यात डोकावले. "कपडे तसेच टाकून, न सांगताच गेली की काय ही?"

मी त्यांचा दंड धरला. माशी बसावी तसा त्यांनी हात झटकला.

पलंगावरचा त्यांचा मोबाइल उचलून मी ती निवड बदलायला गेले. ताईचं नावच कुठे नव्हतं.

घरी धावत आले. नवऱ्याच्या कानाशी ओरडले. तो मला फोन लावत होता. माझ्या हातातला मोबाइल वाजतच नव्हता. लेकीच्या केसांवरून हात फिरवला, तर ती शहारली आणि खिडकी लावून आली.

याला आज अकरा दिवस झाले. पोलिसांत मी हरवल्याची तक्रार झालीय. मी घरातच असते, सगळ्यांच्या मध्ये.

काल बाजारात गेले. भर गर्दीत एक अनोळखी बाई थांबली आणि थेट माझ्याकडे बघू लागली. मला रडूच कोसळलं. "मी... मी दिसते तुम्हाला?"

ती बाजूला झाली. तिच्यामागे आणखी दहा-बाराजण उभे होते, भिंतीला पाठ लावून, ओळीनं. गर्दीतलं कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं.

हळूच सरकून त्यांनी मध्ये एक जागा केली.