एकाच कापडात

हे खरं घडलेलं आहे. ज्यांना हसायचं असेल त्यांनी इथेच थांबावं. वोला माझी सख्खी मावसबहीण आहे आणि तिच्यावर कुणी हसलेलं मी खपवून घेणार नाही.

ऑगस्ट महिना. गुरुवार. मादागास्करातल्या अंत्सिराबे शहराच्या अलीकडे डोंगरउतारावर वोलाच्या सासरचं गाव आहे, तिथे घडलं.

आणि हो, रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं. सगळं गाव हजर होतं.

वोलाचं सासर मोठं मानाचं. का, तर इथे राण्यांचं राज्य होतं तेव्हा यांचा पूर्वज रैनित्सारा एका राणीचा लाडका सरदार होता. किती लाडका, यावर तेव्हा अख्खी राजधानी कुजबुजत होती. पण घराण्याचं म्हणणं ठरलेलं. ती सगळी जळक्या लोकांची बडबड! रैनित्साराने आपल्या बायकोला, राकेताला, कधी अंतर दिलं नाही. पुरावा काय? तर घराण्याच्या कबरीत दोघं एकाच कापडात आहेत.

आमच्याकडे नवरा-बायकोची नुसती हाडं उरली की ती एका रेशमी कापडात एकत्र गुंडाळतात. याच्यापुढे संसाराला आणखी काय हवं!

लग्नाच्या दिवशी तिचा नवरा हेरी वोलाला त्या कबरीपाशी घेऊन गेला होता. "आपणही असेच. एकाच कापडात," म्हणाला.

पोरगी विरघळली. हेरी राजधानीत एका मंत्रीणबाईंचा सचिव, महिन्यातून एकदा घरी यायचा. लोक नको नको ते बोलायचे. वोलाचं कधी काही म्हणणं नसायचं. त्याचा शब्द आहे ना, मग झालं.

त्या वर्षी तिला स्वप्न पडायला लागलं.

एक बाई. पाठमोरी. केस मोकळे सोडलेले... सुतकातल्या बाईने सोडावेत तसे.

"मला थंडी वाजते," ती म्हणायची. "मला आत घ्या."

पूर्वजांना थंडी वाजली की ते स्वप्नात येऊन सांगतात. मग कबर उघडायची, त्यांना बाहेर आणायचं, नवं कापड गुंडाळायचं, नाचायचं, आणि सूर्य मावळायच्या आत परत ठेवायचं. यात घाबरण्यासारखं काहीच नाही.

"राकेता आजीच ती!" हेरीचे काका, रिवो, खूश झाले. नणंद फारा मात्र फणकारली, "आम्हा रक्ताच्यांना सोडून सुनेच्या स्वप्नात? वहिनी, जरा कमी जेवून झोपत जा."

ज्योतिष्याने दिवस काढून दिला. हेरीसुद्धा रजा काढून आला. वाजंत्री आली, डुकराचं मटण रटरटू लागलं. फारा सगळ्यांसमोर म्हणाली, "आधी रैनित्सारा आजोबा, आता आमचा दादा! या घराला बायकांच्या दरबाराचा नादच आहे."

सगळे खो खो हसले. हेरीही. वोलाही.

कबरीचं दगडी दार सरकवलं. पुरुष आत उतरले. रिवो काका दारात उभे राहून एकेकाला नावाने हाक मारू लागले, आणि एकेक गाठोडं बाहेर येऊ लागलं.

"रैनित्सारा! राकेता!"

"आले..."

वोलाने मान वळवली. आवाज कबरीतून आला नव्हता. मागून आला होता, पार खालच्या भातशेताकडून.

कुणाचंच लक्ष नव्हतं.

काकांनी पुन्हा हाक मारली. "राकेता!"

"आले..."

आता जवळून. धापा टाकत. कुणीतरी उतारावरून धावत वर येत असावं तसा आवाज.

बासरीवाल्याची बासरी थांबली. त्यानेही मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. नंतर मी त्याला विचारलं, तर तो फक्त म्हणाला, "त्या घरचं वाजवणं मी सोडलं."

बायका चटईवर ओळीने बसल्या. प्रत्येकीच्या मांडीवर एकेक गाठोडं. स्वप्न वोलाचं, म्हणून रैनित्सारा-राकेताचं गाठोडं तिच्या मांडीवर दिलं.

ते हलकं होतं. दोन माणसांच्या मानाने फारच हलकं.

जुनं कापड आम्ही कधी सोडत नाही. नवं वरूनच गुंडाळतो. म्हणून आजवर आत कुणी पाहिलं नव्हतं. पण वोलाने हात लावला आणि ते कापड... उसवत गेलं. तिने ओढलंही नव्हतं.

आत कवटी एकच होती.

तिच्या शेजारी एक लांबलचक वेणी. काळीभोर. लाल रेशमाने बांधलेली, रेशमात पोवळी ओवलेली.

वाजंत्री बंद पडली. लाल रेशीम आणि पोवळी त्या काळी राणीखेरीज कोण घालणार? दुसऱ्या कुणी घातलं तर त्याचं मुंडकं उडायचं.

म्हणजे लोक बोलत होते ते खरं होतं. आणि बायकोची जागा त्याने दुसरीच्या वेणीला दिली होती. इतक्या पिढ्या या घराने त्या वेणीला राकेता म्हणून हाक मारली. राकेता म्हणून खांद्यावर घेऊन नाचले. आणि प्रत्येक वेळी आपलं नाव ऐकून ती खरी राकेता धावत आली असेल... आणि बाहेरच उभी राहिली असेल.

कबरीबाहेर राहणं. याहून मोठी शिक्षा आमच्याकडे नाही हो. चोराला, विश्वासघात करणाऱ्याला देतात ती. तिने काय केलं होतं?

रिवो काकांनी घाईघाईने वेणी आत कोंबली. "गुंडाळा, गुंडाळा! सूर्य कलला."

"काका, ही राकेता नाही," वोला म्हणाली.

"गप्प बस सूनबाई. एवढी माणसं जमली आहेत."

"मग ती कुठे आहे? तिला आधी शोधा. ती बाहेर आहे!"

"कुठे शोधायची आता? कापडावर नाव लिहा रे!"

वोलाने हेरीकडे पाहिलं. मोठ्या आशेने पाहिलं. तो पुढे आला, तिचा दंड धरला आणि दात दाबून म्हणाला, "तमाशा करू नकोस. नाव लिहिलं की झालं. कुणाला काय फरक पडतो?"

नव्या कापडावर दोन्ही नावं लिहिली. गाठोडं आत गेलं.

दार लावताना काकांनी रीतीप्रमाणे निरोपाची हाक मारली.

"रैनित्सारा! राकेता!"

या वेळी कुणीच "आले" म्हटलं नाही.

वोलाच्या मानेवर मोकळे केस घासले. ओले. थंडगार... आणि अगदी कानाशी आवाज आला, "तुझ्याही जागेवर दुसरी आहे."

ती वळली. पाठीमागे नुसतं ऊन होतं.

जेवणाच्या पंगतीत ती हेरीशेजारी बसली. आवाज स्थिर ठेवून बोलली.

"मी मेल्यावर मला इथे आणू नकोस. माझ्या वडिलांच्या कबरीत ठेव मला."

आमच्यात बायको असं म्हणाली की नातं तुटलंच. कुठलाही नवरा भडकला असता. का, म्हणून विचारलं असतं. वेड लागलंय का, असं ओरडला असता. वोला तेच ऐकायला थांबली होती. बिचारी.

हेरीचा घास हातातच राहिला. तोंडावरचा रंग उडाला. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"तुला कोणी सांगितलं?"

वोला त्याच संध्याकाळी माहेरी निघून आली. ती दुसरी कोण, किती वर्षांचं होतं, ते पुढे सगळ्यांनाच कळलं. त्याचं मला आता काही वाटत नाही. रडली, सावरली.

मला घोर लागला आहे तो वेगळाच.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले होते. तिने स्वतःसाठी रेशमी कापड विणून घेतलंय. आमच्याकडे पुष्कळ जण जिवंतपणीच घेऊन ठेवतात, त्यात काही नाही. तिने ते कौतुकाने उलगडलं. खोली पुरेना.

हे तर जोडप्याचं माप.

"अगं, एकटीला एवढं कशाला?" मी विचारलं.

वोला कापडाची घडी घालत होती. तिने कोपऱ्यातल्या रिकाम्या चटईकडे पाहिलं आणि अगदी मायेने हसली.

"दोघींना पुरायला नको का?"

त्या दिवशी मी मुक्काम न करताच परत आले.